गाढव अलीकडेच राहिलं

व्हिडिओ गेममधलं मला ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कुणी मला शिकवायला येऊ नये. माझा धंदा पडद्यांचा. रस्त्याला लागून दुकान, मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार, आणि जिन्याने वर गेलं की एक खोली. तिथं माझी धाकटी बहीण राहते. घरात तिला सगळे बारकी म्हणतात, चाळिशी ओलांडली तरी बारकीच. तिची गोष्ट मी सांगतेय, कारण ती स्वतः सांगायची नाही. आणि ज्यानं चारचौघांत सांगितली, त्यानं अशी काही सांगितली की माझ्यासारखीची बोलती बंद झाली.

बारकीला लहानपणापासून जनावरांची चाल बघायचं वेड. गल्लीतलं कुत्रं लंगडत निघालं की ही त्याच्यामागे लंगडत जायची. आई म्हणायची, ही पोरगी एक दिवस शेपूट लावून घरी येईल. पुढं ती संगणकावर चित्रं हलवायचं शिकली. ‘ताई, मांजर उडी मारायच्या आधी ढुंगण हलवतं बघ, ते जमलं की उडी जमली,’ असलं काहीबाही ती मला सांगत बसायची आणि मी शिलाई मारता मारता हं हं करायचे. पण खरं सांगू? तिनं केलेलं मांजर पडद्यावर चाललं ना, की हात पुढं करून त्याला उचलावंसं वाटायचं. हात होता पोरीला.

कॉलेजात तिच्याबरोबर एक मुलगा होता. तेव्हा दाढी राखायचा, म्हणून त्याचं नाव दाढी पडलं. पुढं दाढी गेली, डोक्यावरचे केसही गेले, नाव तेवढं राहिलं. बोलायला असा गोड की आमच्या घरातला कधी झाला ते कळलंसुद्धा नाही. मला ताई म्हणायचा, माझ्या हातचं जेवायचा, ताट उचलून मोरीत नेऊन ठेवायचा. ताट उचलणाऱ्या पुरुषावर बायका लवकर विश्वास ठेवतात, त्यातलीच मी एक. त्याच्याकडे कल्पना होत्या आणि हिच्याकडे हात, तेव्हा दोघांनी मिळून गेम करायचा घाट घातला. एका छापखान्याच्या वर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. दिवसभर खालून यंत्रांची धडधड, टेबलावरचा चहासुद्धा थरथरायचा. हळूहळू आणखी चारपाच जण येऊन मिळाले.

गेमचं नाव ‘पलीकडे’. मला समजला तसा सांगते. एक माणूस, एक गाढव, गाढवाच्या पाठीवर मिठाची पोती. डोंगर ओलांडून पलीकडच्या गावात मीठ पोचवायचं, बस. खेळणारा तो माणूस. त्यानं गाढवाला चारा घालायचा, पाय दुखावला तर पट्टी बांधायची, त्याला आपल्या मनासारखं नाव द्यायचं. गाढव महाहट्टी. घाई केली की खाली बसायचं, पाणी दिसलं की पाय रोवून उभं राहायचं, आणि लाडात आलं की माणसाच्या पाठीला डोकं घासायचं. हे सगळं गाढव बारकीनं केलेलं, कानाच्या टोकापासून खुरापर्यंत. तीनएक वर्षं ती त्या गाढवातच होती. आमचे हे विचारायचे, ‘तुझी बहीण ऑफिसात जाते की गोठ्यात?’

आता शेवट. शेवटी एक दरी लागते आणि दरीवर लाकडी फळ्यांचा झुलता पूल. मागून वादळ येतंय. गाढव पुलावर पाय ठेवत नाही. चारा दाखवा, ओढा, ढकला, काही करा, ते येत नाही. मग माणसाला पोती स्वतःच्या खांद्यावर घ्यावी लागतात आणि एकट्यानं पूल ओलांडावा लागतो. गाढव अलीकडेच राहतं. गेम संपला.

हा शेवट दाढीचा. बारकीचा नव्हे. हे मी छातीठोकपणे सांगते, कारण त्यावरून त्यांचं भांडण झालं ते माझ्या घरात, माझ्यासमोर झालं. बारकी म्हणत होती, ‘लोकांनी त्याला वाढवलंय रे, त्याला नाव दिलंय. तू त्यांच्या हातातून हिसकावून घेतोयस.’ दाढी म्हणाला, ‘म्हणूनच.’ ती म्हणाली, ‘एक तरी वाट ठेव. कुणी फारच जीव लावला असेल, तर त्याचं गाढव येऊ दे पलीकडे.’ तो म्हणाला, ‘एक वाट ठेवली की सगळे त्याच वाटेनं जातील.’ बारकी रडली. मला तर हसावं की रडावं कळेना, दोघं घोड्याएवढे झालेले आणि भांडतायत एका गाढवावरून. पण अखेरचा शब्द दाढीचा होता, कंपनी त्याच्या नावावर होती. ती डोळे पुसून कामाला गेली.

त्यांच्या ऑफिसात एक रीत होती, ती नीट सांगायला हवी. ज्या प्रसंगावर ज्याचा शेवटचा हात फिरला, तो त्याचा. मूळ कल्पना कुणाचीही असो, काम मोडलं तर त्यानंच दुरुस्त करायचं, कुणी जाब विचारला तर त्यानंच उभं राहायचं. ‘हे माझं नाही, त्याचं आहे’ असं म्हणायची सोय नव्हती. रीत चांगली होती, त्यामुळे कामात ढकलाढकली होत नसे. बारकी तर ती रीत घरीही पाळायची, शेवटचा चहा जिनं घेतला तिनं पातेलं घासायचं. आता गाढवाला शेवटच्या प्रसंगात उभं करणं दुसऱ्या कुणाला जमणार? ते हिच्याच वाट्याला आलं.

मनाविरुद्धचं काम हातचं राखून करायचं असतं, एवढी अक्कल या पोरीला नाही. तिनं ते गाढव असं उभं केलं की विचारू नका. ते ओरडत नाही, धावत नाही. फक्त एक पाय उचलतं, फळीवर ठेवतं, मागं घेतं. पुन्हा उचलतं, ठेवतं, मागं घेतं. माणूस पार दिसेनासा होईपर्यंत त्याचं तेच चाललेलं असतं. मला तिनं दुकानात आणून दाखवलं तेव्हा माझ्या सुईतला दोरा निघाला आणि पुन्हा ओवायला बराच वेळ लागला.

गेम बाजारात आला आणि आग लागली. लोकांनी आठवडेच्या आठवडे त्या गाढवाला जपलं होतं. रागावू नयेत तर काय करतील? कुणी गेमची डबी हातोडीनं फोडली आणि फोडतानाचा व्हिडिओ टाकला. कुणी लिहिलं, आमचा विश्वासघात झाला. पैसे परत मागणाऱ्यांची तर रीघ लागली. ज्यांनी कंपनीत पैसे गुंतवले होते ते विचारायला लागले, हा शेवट कुणाच्या डोक्यातून निघाला, त्याला समोर आणा.

एका दुपारी दाढी दुकानात आला आणि कापड मापायच्या टेबलाशी स्टुलावर बसला. चेहरा उतरलेला. बारकीला म्हणाला, ‘तू सांगशील का, की निर्णय तुझा होता म्हणून?’

मी तिथंच होते. म्हटलं, ‘का रे बाबा? ठरवलंस तू, तर बोल तू.’

‘ताई, मी बोललो तर पैसेवाले हात वर करतील. कंपनी बुडेल, सगळी पोरं रस्त्यावर येतील. हिच्यावर लोक तेवढे चिडणार नाहीत. गाढव हिनंच घडवलंय हे सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या आईनंच निर्णय घेतला म्हटल्यावर गप्प बसतील. आणि चार दिवसांचा तर प्रश्न आहे. पब्लिक चार दिवसांत विसरतं.’

मी काही बोलायच्या आत बारकी म्हणाली, ‘शेवटचा हात माझाच आहे ताई.’ जणू पातेलं घासायची पाळी तिची होती. माझं डोकं फिरलं, पण तिचं एकदा ठरलं की ठरलं. माझ्याच दुकानात निळ्या कापडाच्या ताग्यासमोर बसून तिनं व्हिडिओ केला. म्हणाली, शेवटाचा निर्णय माझा होता, ज्यांचं मन दुखावलं त्यांची मी माफी मागते. दाढीनं तिचा हात हातात घेतला. त्याचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला बोलू.

मग काय, सगळा राग एका माणसावर आला. आधी कंपनीला शिव्या होत्या, त्या ओघळून थोड्या थोड्या सगळ्यांच्या अंगावर उडत होत्या. आता चेहरा मिळाला, नाव मिळालं. तिच्या फोटोला गाढवाचे कान लावून तो गावभर फिरवला. पोटी पोर नाही म्हणून हिला माया नाही, असं लिहिणारे महाभाग निघाले. दुकानाचा नंबर कुठून मिळवला देव जाणे, तिथंही फोन यायला लागले. ते मात्र त्यांना महागात पडलं, माझ्या तोंडी लागून आजवर कुणी सुखरूप गेलेलं नाही. एकदा एक चांगला शिकलासवरलेला, इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ पडद्यांचं माप घेऊन आला. कापड पसंत केलं, आणि जिन्यावरून उतरणारी बारकी दिसताच म्हणाला, ‘त्याच ना तुम्ही? माझी मुलगी जेवली नाही हो दोन दिवस.’ ती म्हणाली, ‘माफ करा.’ तो कापड टेबलावर टाकून निघून गेला.

चार दिवसांचे चार महिने झाले. दाढी एकदा येऊन म्हणाला, तुझं नाव दिसलं की लोक बिथरतात, थोडे दिवस घरून कर काम. मग काम कमी झालं. मग बंद झालं. भांडण नाही, तंटा नाही, गोडीगुलाबीनं बाहेर काढली तिला. दुसरीकडे जाईल तिथं पहिला प्रश्न तोच, ‘त्याच ना तुम्ही?’ शेवटी लिफ्ट बसवणाऱ्या एका कंपनीनं तिला काम दिलं. लिफ्ट अडकली तर घाबरू नका, लाल बटण दाबा, असं सांगणारा चित्रातला एक गोल डोक्याचा माणूस तिनं हलवायचा. पुढची नऊएक वर्षं ती त्या गोल डोक्याच्या माणसाला बटणं दाबायला लावत होती. मी म्हणायचे, ‘बोल गं काहीतरी, खरं काय ते सांगून टाक.’ ती म्हणायची, ‘आता बोलले तर मी आधी खोटं बोलले असं होईल.’ तेही खरंच होतं. तिनं स्वतःच्या हातानं दार लावून घेतलं होतं आणि किल्ली त्याच्याकडे दिली होती.

दाढीचं बरं चाललं. कंपनी तगली, छापखान्यावरून निघून काचेच्या इमारतीत गेली. माझ्याकडे यायचा बंद झाला, पण नवीन ऑफिसचे पडदे माझ्याकडूनच करून घेतले. मी ते शिवले. सरळ शिवले, वाकडा टाका घालायची फार इच्छा झाली होती तरी.

आणि मग वारं फिरलं. कधी फिरलं ते मला सांगता येणार नाही. गेम आला तेव्हा बाराचौदा वर्षांची असलेली पोरं आता नोकऱ्यांना लागली होती. कुणी शहर सोडलं होतं, कुणी माणूस सोडलं होतं, कुणाला म्हाताऱ्या आईबापांना मागे ठेवून जावं लागलं होतं. त्यांना तो पूल आठवायला लागला. एका नर्सबाईनं लिहिलं, तेव्हा मला या गेमचा संताप आला होता, आज कळतं की तो खरं बोलत होता. तिचं मला पटलं, निदान तिनं आपला संताप कबूल तरी केला. पण तिच्या मागोमाग जी झुंबड उडाली ती बघण्यासारखी होती. हातोडीनं डबी फोडणारा तो हिरो परत आला, आणि अर्धा तास बोलला की हा शेवट किती थोर आहे आणि आपल्याला तो पहिल्या दिवसापासून कसा समजला होता. जुना व्हिडिओ त्यानं गुपचूप काढून टाकला. सगळ्यांनीच काढून टाकलं. बघता बघता असं झालं की त्या गेमला नावं ठेवणारा माणूस शोधूनही सापडेना. मला विचाराल तर तो शेवट तेव्हाही वाईट होता आणि आजही वाईट आहे. या सगळ्यात मत न बदललेली बाई मी एकटीच, आणि मी तो गेम कधी खेळलेले नाही.

आता कौतुक कुणाच्या दारी येणार? जिनं निर्णय माझा म्हणून सांगितलं होतं तिच्या. लोक तिला लिहायला लागले, तुमच्या धाडसाला सलाम, तुम्ही काळाच्या पुढं होता. ती वाचायची आणि अवघडून बसायची. मग एका संस्थेच्या संचालिकाबाईंचा फोन आला. मुलांना ही विद्या शिकवायची जागा आहे, कायमची, आणि आम्हाला तुम्हीच हव्यात. प्रवाहाविरुद्ध निर्णय कसा घ्यायचा ते मुलांना तुमच्याकडून शिकायचंय. फोन ठेवला तेव्हा बारकीचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत तिच्या तोंडावर मी तसा रंग पाहिला नव्हता. तिला मुलांना मांजराची उडी शिकवायची होती हो, बाकी काही नको होतं.

पण लगेच म्हणाली, ‘ताई, तो निर्णय माझा नव्हता.’

म्हटलं, ‘गप्प बस. शिव्या खाल्ल्यास तेव्हा तुझा होता ना? मग कौतुकही खा. हिशेब फिटला.’

‘त्याला विचारल्याशिवाय नाही.’

तिनं दाढीला फोन लावला, कित्येक वर्षांनी. मी मुद्दाम तिला तो मोठ्या आवाजावर ठेवायला लावला. तो म्हणाला, ‘अगं, विचारतेस काय? ते तुझंच आहे. तू भोगलंस, मी नाही. मी जन्मात तोंड उघडणार नाही. खुशाल घे ती नोकरी.’ मग म्हणाला, गेमला दहा वर्षं झाली म्हणून मोठा कार्यक्रम ठेवलाय, तू यायचंस, पहिल्या रांगेत तुझी खुर्ची. ताईलाही आण. मी विरघळले. म्हटलं, माणूस म्हणावा तितका वाईट नाही, वेळ वाईट होती. भारी पडद्यांचं गर्द हिरवं कापड उरलं होतं, त्याचा तिला कोट शिवला. अंगावर असा बसला की ती आरशासमोरून हलेना.

सभागृह खचाखच भरलेलं. पोरापोरींनी हौसेनं गाढवाचे कान लावलेले. बारकीला बघताच कुजबुज झाली आणि मग गराडाच पडला. एक मुलगी तिच्या शेजारी येऊन फोटो काढून घेताना रडली. म्हणाली, तुमच्यामुळे मी माझ्या आजोबांना निरोप देऊ शकले. बारकीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्याकडे बघून मला वाटलं, चला, उशिरा का होईना, पोरीचे पांग फिटले.

दाढी मंचावर आला. मुलाखत घेणाऱ्यानं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग विचारलं, ‘तो शेवट. तो नेमका कसा सुचला?’

दाढीनं माइक जवळ घेतला. मग म्हणाला, ‘आज खरं सांगून टाकतो. तो शेवट माझा आहे.’ ‘माझी मैत्रीण इथं समोर बसली आहे. गाढव तिनं फार सुंदर केलं, त्याबद्दल वाद नाही. पण शेवटाला तिचा कडाडून विरोध होता. माझ्यासमोर रडली होती ही, नको ना रे, नेऊ या ना गाढवाला पलीकडे.’ हे त्यानं तिच्या आवाजात, नाकात बोलून दाखवलं. सगळे हसले. शेकड्यांनी माणसं एकदम हसली. ‘तिचं ऐकलं असतं,’ तो म्हणाला, ‘तर आज आपण कुणीच इथं नसतो.’

मुलाखत घेणारा म्हणाला, ‘मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?’

‘दहा वर्षं श्रेय तिच्याकडे होतं,’ दाढी म्हणाला. ‘राहू दे म्हटलं. मैत्रीत असल्या गोष्टी मोजायच्या नसतात.’

टाळ्या. उभं राहून टाळ्या, त्याच्या मोठ्या मनाला. मघाची मुलगी दोन खुर्च्या सोडून होती, ती फोनमधून काहीतरी खोडत होती. बारकी हात मांडीवर ठेवून बसली होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. श्रेय म्हणाला मेला. श्रेय.

कार्यक्रम संपला तसा मी त्याला मंचामागच्या बोळात गाठला. बारकी मला मागून ओढत होती, पण मी ऐकणार होते थोडीच. म्हटलं, ‘केसानं गळा कापलास रे तिचा. माझ्या घरचं अन्न खाल्लंस, काही आठवण?’

तो चिडला नाही. तेच तर, तो कधी चिडतच नाही. म्हणाला, ‘ताई, मी बोललो त्यातला कुठला शब्द खोटा होता?’

मी तोंड उघडलं. शेवट त्याचा होता. विरोध हिचा होता. ही रडली होती. सगळं मीच डोळ्यांनी पाहिलेलं. इतकी वर्षं मीच ओरडत होते की खरं काय ते सांगा, आणि त्यानं सांगितलं.

‘ते श्रेय नव्हतं,’ मी म्हटलं.

‘मग आज त्याला काय म्हणायचं?’ तो म्हणाला. ‘हे बघा, एक मोठी कंपनी हा गेम विकत घेतेय. कल्पना कुणाची हे त्यांना साफ हवं होतं. मला बोलावंच लागलं ताई. हिचं काही वाईट व्हावं म्हणून नाही.’ आणि बारकीकडे बघून म्हणाला, ‘तू समजून घेशील, माहीत आहे मला.’

बारकी म्हणाली, ‘तू फोनवर म्हणाला होतास, तोंड उघडणार नाही.’

‘तेव्हा तसंच ठरवलं होतं गं,’ तो म्हणाला. त्याला कुणीतरी हाक मारली आणि तो गेला.

घरी येईपर्यंत तिच्या नावाचा पुन्हा शिमगा झाला होता. पण या वेळी उलटा. गाढवाला पलीकडे न्यायला निघालेली बाई, चांगल्या गेमचं वाटोळं करणार होती, वर दुसऱ्याचं श्रेय दहा वर्षं दाबून बसली. तेव्हा गाढवाला सोडलं म्हणून शिव्या, आता सोडायला तयार नव्हती म्हणून शिव्या. पोरीनं करायचं तरी काय होतं, सांगा मला.

काही दिवसांनी संचालिकाबाईंचा फोन आला. बारकी तेव्हा खाली दुकानातच होती, फोन मोठ्या आवाजावर होता, मी एका ग्राहकाच्या पडद्यांना चुण्या घालत होते. बाई भल्या होत्या, आवाजात संकोच होता. म्हणाल्या, ‘आम्ही तुम्हाला त्या निर्णयासाठी बोलावलं होतं हो. आता मुलं विचारतील, मी काय सांगू?’

बारकी म्हणाली, ‘शेवट माझा नव्हता, हे खरं आहे. मी ते अंगावर घेतलं होतं. शेवट माझा नव्हता, शिव्या माझ्या होत्या.’

मग बाईंनी अगदी मनापासून विचारलं, ‘कुठल्या शिव्या?’

बारकीनं टेबलावरची टाचणी उचलून डबीत टाकली.

‘नाही, म्हणजे,’ बाई म्हणाल्या, ‘तो गेम तर पहिल्यापासूनच लोकांना आवडतो ना?’

बारकीनं ‘हो’ म्हटलं की ‘नाही’ म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. तिनं फोन ठेवला आणि वर गेली. मी वाट बघितली, काम आटोपलं, मग मीही वर गेले. ती संगणकासमोर बसून शोधत होती. जुने व्हिडिओ, जुनं लिहिलेलं, काही तरी. काहीच नव्हतं. ज्यांनी लिहिलं त्यांनी पुसलं होतं, आणि कार्यक्रमाच्या आधी कंपनीनं आपलं जुनं पान धुऊन पुसून लख्ख केलं होतं. तिथं वर तिचा माफीचा व्हिडिओ तेवढा होता. ‘निर्णय माझा होता,’ असं ती म्हणत होती, आणि खाली कुणीतरी नव्यानं लिहिलं होतं, बघा कशी धडधडीत खोटं बोलतेय.

ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते. एखाद्या लहान मुलीनं विचारावं तसं तिनं विचारलं, ‘ताई, मला शिव्या पडल्या होत्या ना गं?’

‘पडल्या होत्या,’ मी म्हटलं.

‘खूप?’

मी तिच्या पलंगावर बसले. तिला जवळ ओढली आणि एकेक आठवून सांगायला लागले. तो दुकानाच्या शटरवर खडूनं कसाईण लिहून गेलेला. ती बाई, जिनं फोनवर सांगितलं की तुलाही अशीच सोडून जातील सगळे. तो मास्तर, ज्यानं वर्गातल्या सगळ्या मुलांकडून लिहून घेऊन पाठवलं होतं. मी सांगत होते आणि ती मान हलवत होती, हो, बरोबर, तोच. मी अडले की पुढचं ती सांगायची. तिला सगळं तोंडपाठ होतं.